यकृताला उपाशी ठेवणारी गोळी

कोलेस्टेरॉलसाठी रोज गोळी घेणाऱ्या कुणालाही ‘ही कशाची हो?’ असं विचारून पाहा. बरेच जण सांगतात, ‘रक्त पातळ करायची.’ थोडे अधिक माहितगार म्हणतात, ‘नसांमधली चरबी वितळवायची.’ दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. रक्त पातळ करणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात त्या गोळ्या वेगळ्या. त्या रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत आणि कोलेस्टेरॉलशी त्यांचा काही संबंध नाही. आणि वितळवण्याचं म्हणाल, तर स्टॅटिन नावाची ही गोळी रक्तात काहीच वितळवत नाही. तिचं काम यकृतात चालतं. ते काम म्हणजे यकृताची पद्धतशीर उपासमार करणं. ही उपासमार एकदा समजली की बाकीची औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम समजायला सोपं जातं.

आधी कोलेस्टेरॉलबद्दल थोडं. हा पदार्थ विष नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्त त्यापासून बनतं, ड जीवनसत्त्व बनतं, लैंगिक हार्मोन्स बनतात. तो इतका गरजेचा आहे की शरीर आहारावर विसंबून राहत नाही, त्यातला मोठा वाटा स्वतःच तयार करतं. म्हणूनच काटेकोर पथ्य पाळणाऱ्यांचा आकडाही कधीकधी वरच राहतो आणि ते हिरमुसतात. त्यांचं पथ्य चुकलेलं नसतं, त्यांच्या शरीराचा हिशेबच तसा असतो.

कोलेस्टेरॉल तेलकट आणि रक्त पाण्यासारखं, त्यामुळे ते रक्तात नुसतं सोडून चालत नाही. प्रथिनांच्या वेष्टणात बांधून त्याचे बारीक गोळे केले जातात आणि ते रक्तातून फिरतात. त्यांतले एलडीएल म्हणजे ज्याला आपण ‘वाईट’ म्हणतो ते, आणि एचडीएल म्हणजे ‘चांगलं’. आतला माल दोन्हींत सारखाच, फरक गाडीचा. एलडीएलची गाडी रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून अडकते. तिथे सूज येते, संरक्षक पेशी धावून येतात, तेलकट माल गिळून फुगतात, आणि वर्षानुवर्षांनी त्या जागी एक गाठ तयार होते. ही गाठ नळीतल्या गंजासारखी हळूहळू नळी बुजवते, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पण हार्ट अटॅक बहुतेक वेळा गाठ फुटल्यामुळे येतो. गाठीचं पातळ टरफल फाटतं, आतला माल रक्ताला लागतो, त्यावर गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. काल जिने चढणारा माणूस आज अतिदक्षता विभागात का असतो, त्याचं उत्तर इथे आहे.

या गाठीसाठी आजच्या आकड्यापेक्षा बेरीज महत्त्वाची असते. एलडीएल किती आणि किती वर्षं, या दोन्हींचा गुणाकार. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

दारं मोजणारे दोघे

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅलस इथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर एका आनुवंशिक आजाराच्या मागे लागले होते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या मुलांच्या रक्तात एलडीएल इतकं प्रचंड असतं की लहानपणी किंवा ऐन तारुण्यातच त्यांना हार्ट अटॅक येतो. ही मुलं काही वेगळं खात नव्हती. मग चुकत कुठे होतं?

उत्तर पेशींच्या पृष्ठभागावर सापडलं. तिथे एलडीएल ओळखून धरणारे रिसेप्टर असतात. आपण त्यांना दारं म्हणू. एलडीएल दाराला लागतं, दार त्याला घेऊन आत जातं, माल आत उतरतो आणि दार रिकामं होऊन परत पृष्ठभागावर येतं. एका फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि एकच दार अशा शंभरावर फेऱ्या मारतं. त्या मुलांमध्ये ही दारंच नव्हती किंवा बिघडलेली होती. कोलेस्टेरॉल तयार होत राहायचं, पण ते रक्तातून उचलायला कुणी नव्हतं. या कामाबद्दल दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं.

शरीरातली सर्वांत जास्त दारं यकृतावर असतात. किती दारं उघडायची, हे यकृत गरजेनुसार ठरवतं. आत माल भरपूर असेल तर कमी, तुटवडा असेल तर जास्त.

याच सुमारास जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ बुरशी चाळत बसले होते. त्यांचा तर्क मजेदार होता. बुरशीला आजूबाजूच्या सूक्ष्मजीवांशी लढावं लागतं आणि त्यांतल्या काहींना जगायला कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. मग एखादी बुरशी ते पदार्थ बनण्याची साखळीच तोडणारं रसायन तयार करत असेल का? त्यांनी सुमारे सहा हजार नमुने तपासले. १९७३मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवं ते सापडलं. हे रसायन उंदरांना दिलं तर काहीच झालं नाही. एवढ्यावर प्रकल्प गुंडाळला गेला असता. पण एंडोंनी एका सहकाऱ्याच्या प्रयोगातल्या, अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर ते वापरून पाहिलं आणि त्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यापर्यंत उतरलं. उंदराच्या रक्तात एलडीएल मुळातच नगण्य असतं, त्यामुळे तिथे परिणाम दिसणारच नव्हता, हे पुढे कळलं. एंडोंचं रसायन बाजारात पोहोचलं नाही. त्याच्याच सख्ख्या भावंडाला, दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला, १९८७मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

उपासमार म्हणजे काय

यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याची प्रक्रिया लांबलचक आहे, तिला तीसेक पायऱ्या आहेत. त्यांतली एक पायरी संपूर्ण वेग ठरवते आणि ती चालवणाऱ्या एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचं, नाव आहे एचएमजी-कोए रिडक्टेज. नाव विसरलात तरी चालेल. स्टॅटिन या एन्झाइमच्या जागेत नेमकं जाऊन बसतं आणि त्याचं काम अडवतं.

यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉलचा तुटवडा पडतो. आपल्याला वाटतं, उत्पादन कमी झालं म्हणून रक्तातलं कमी झालं. खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. उपाशी पडलेलं यकृत बाहेरून माल उचलायचं ठरवतं आणि आपल्या पृष्ठभागावर आणखी दारं उघडतं. रक्तात फिरणारं एलडीएल त्या दारांतून आत ओढलं जातं. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो मुख्यतः यामुळे. म्हणजे स्टॅटिन स्वतः एलडीएलला हातही लावत नाही, ते यकृताला कामाला लावतं.

सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी रात्री घ्यायला सांगतात, कारण शरीरातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री जास्त असते आणि ही गोळी शरीरात थोडेच तास टिकते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन बराच वेळ टिकतात. ती सकाळी घेतली काय, रात्री घेतली काय, रोज घेतली जाणं महत्त्वाचं.

या दोन गोळ्या पूर्ण ताकदीने दिल्या तर एलडीएल निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतं. पण इथे एक विचित्र नियम आहे. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. कारण यकृतही गप्प बसत नाही. उपासमार वाढली की ते अडवलं गेलेलं एन्झाइम अधिक प्रमाणात बनवतं, आणि दारं उघडता उघडता ती दारं मोडीत काढणारं एक प्रथिनही सोडतं. त्या प्रथिनाचं नाव पीसीएसके९. त्याच्याकडे नंतर येऊ.

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी जितक्या वेळा ऐकला असेल तितक्या वेळा दुसरा क्वचितच. रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळी चालू आहे म्हणून. बंद केली की यकृताचा तुटवडा संपतो, जादा दारं मिटतात आणि काही आठवड्यांत आकडा जिथून निघाला तिथे परत जातो. चष्मा लावून नीट दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही.

किती फायदा, आणि कुणाला

आकडा उतरणं ही एक गोष्ट आणि माणूस वाचणं ही दुसरी. १९९४पर्यंत अनेक डॉक्टरांनाच याची खात्री नव्हती. त्या वर्षी स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात २५६ मृत्यू झाले आणि औषधाच्या गटात १८२. त्यानंतर वाद ‘उपयोग होतो का’ यावरून ‘कुणाला द्यावं’ याकडे सरकला.

अनेक चाचण्या एकत्र करून निघालेला ढोबळ हिशेब असा. एलडीएल दर डेसिलिटरला ३९ मिलिग्रॅमने कमी झालं की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने घटतात. आता हा एक पंचमांश कशाचा, ते महत्त्वाचं. एकदा अटॅक येऊन गेलेला, मधुमेही, धूम्रपान करणारा माणूस घ्या. अशा शंभर जणांपैकी पुढच्या दहा वर्षांत तीस जणांना त्रास होणार असेल, तर त्यांतले सहा वाचतात. आणि तब्येतीने ठणठणीत, तरुण, धोका शंभरात तिघांचा असेल, तर एक पंचमांश म्हणजे शंभर जणांनी गोळ्या खाऊन एकाचाही पुरता फायदा नाही. गोळी तीच, टक्केवारी तीच, पण अर्थ वेगळा. म्हणून ‘माझा आकडा इतका आहे, गोळी लागेल का?’ या प्रश्नाला नुसत्या आकड्यावरून उत्तर देता येत नाही. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, घरातला इतिहास हे सगळं त्यात येतं. अपवाद त्या आनुवंशिक आजाराचा. एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेली माणसं दुर्मीळ नाहीत, अडीचशेत साधारण एक. त्यांच्या शरीरात ती बेरीज जन्मापासूनच चालू असते, त्यामुळे गोळी सुरू करायला त्यांनी वाट पाहत थांबण्यात अर्थ नसतो.

पाय दुखतात ते गोळीमुळे का?

आता मुख्य भीती. स्टॅटिन सोडून देणाऱ्यांचं सर्वांत मोठं कारण म्हणजे अंगदुखी. आणि हा विषय दिसतो तेवढा सरळ नाही.

२०२२मध्ये स्टॅटिनच्या १९ मोठ्या चाचण्यांमधल्या जवळपास १ लाख २४ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. या चाचण्यांमध्ये आपण औषध घेतोय की बिनऔषधाची गोळी, हे कुणालाच माहीत नव्हतं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी! पन्नाशी-साठीच्या माणसांचे स्नायू दुखतातच, गोळी असो वा नसो. नुकती गोळी सुरू झालेली असेल तर खापर तिच्यावर फुटतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

त्याआधी २०२०मध्ये लंडनमध्ये एक छोटा पण फार चतुर प्रयोग झाला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या, एकेका महिन्यासाठी एकेक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत बिनऔषधाच्या गोळ्या, आणि चार चक्क रिकाम्या. त्यांनी रोज आपल्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण आले ८. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास झाला, खराखुरा झाला, पण त्यातला नऊदशांश भाग गोळी गिळण्यामुळे झाला, गोळीतल्या औषधामुळे नव्हे. याला नोसिबो परिणाम म्हणतात. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण स्नायूंनाही लागू पडते म्हणायची. आपापले आकडे पाहिल्यावर साठापैकी तीस जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मात्र यावरून ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं कुणाला झटकून टाकणं मला पटत नाही. एक तर नोसिबोचं दुखणं दुखतंच. दुसरं म्हणजे स्टॅटिनमुळे खरोखर स्नायू दुखणारे थोडे लोक असतातच. २०२२च्या त्याच अभ्यासात पहिल्या वर्षी दर हजारी साधारण अकरा जणांना औषधामुळे जादा त्रास झाल्याचं दिसलं. पहिल्या वर्षानंतर हा फरक जवळपास उरला नाही.

मग ओळखायचं कसं? औषधाचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते उगवतं आणि बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरतं. एकाच गुडघ्यात कळ येत असेल, किंवा एकाच बाजूने कमरेपासून टाचेपर्यंत मुंग्या येत असतील, तर दोष दुसरीकडे शोधावा. शंका असेल तर डॉक्टर सीपीके नावाची रक्ततपासणी करतात. स्नायूंना इजा झाली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. थायरॉइडही बघायला हवा. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि अंगही दुखतं, त्यामुळे बिचाऱ्या स्टॅटिनला नसत्या गुन्ह्याची शिक्षा होते.

एकाने जमलं नाही तर दुसरं स्टॅटिन, कमी डोस, किंवा जास्त काळ टिकणारी गोळी एक दिवसाआड, असे मार्ग असतात. एका गोळीने त्रास झालेल्या अनेकांना दुसरी सोसते. हे सगळं न करता थेट डबा कचऱ्यात टाकणं हा सर्वांत वाईट पर्याय.

एक दुष्परिणाम मात्र खरोखर गंभीर आहे. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यातलं प्रथिन मूत्रपिंडांत अडकतं आणि ती बंद पडू शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. ते फार दुर्मीळ आहे. पण सेरिव्हास्टॅटिन नावाच्या गोळीत त्याचं प्रमाण इतकं जास्त निघालं की २००१मध्ये ती जगभरातून मागे घेतली गेली. खूण लक्षात ठेवा: अंगभर तीव्र दुखणं, कमालीचा अशक्तपणा आणि गडद तपकिरी लघवी. असं झालं तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टर गाठायचे, पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. याहूनही विरळा असा एक प्रकार आहे, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते आणि गोळी बंद केल्यावरही अशक्तपणा वाढत राहतो. त्याला वेगळे उपचार लागतात.

हा धोका अनेकदा दुसऱ्या औषधाच्या संगतीने वाढतो. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडली जातात, त्याच एन्झाइमला क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि इट्राकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधं अडवतात. मग स्टॅटिन रक्तात साचत जातं. ग्रेपफ्रूटचा (द्राक्ष नव्हे, पपनसासारखं फळ) रसही हेच करतो. घशाच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो’ हे सांगायचं ते यासाठी.

साखर, यकृत, स्मरण

मधुमेहाबद्दलची कुजबुज खोटी नाही. स्टॅटिनमुळे रक्तातली साखर थोडी वर सरकते. २०१०मध्ये तेरा चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा होता: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर मधुमेहाचा एक जादा रुग्ण सापडतो. तेवढ्याच लोकांत, तेवढ्याच काळात हृदयाच्या पाचेक मोठ्या घटना टळतात. डोस मोठा असेल तर साखरेचा हा परिणामही वाढतो. ज्यांची साखर आधीच उंबरठ्यावर असते तेच बहुधा पलीकडे ढकलले जातात. माझ्या मते ही देवघेव धोका जास्त असलेल्यांसाठी सरळ फायद्याची आहे, आणि धोका मुळातच कमी असलेल्यांनी ती नीट विचारून घ्यावी. आधीपासून मधुमेह असलेल्यांनी मात्र या भीतीने गोळी टाळू नये. हृदयाचा धोका त्यांना मुळातच जास्त असतो.

यकृत खराब होतं, ही भीती गोळीच्या जन्मापासूनची. सुमारे शंभरातल्या एकाचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एन्झाइम, लक्षणीय वाढतं, ते बहुधा डोस कमी केल्यावर खाली येतं. यकृत खरोखर निकामी होणं इतकं विरळ आहे की अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२मध्ये दर काही महिन्यांनी यकृताच्या तपासण्या करत राहण्याची सूचनाच काढून टाकली. सुरुवातीला एकदा तपासायचं, नंतर गरज वाटली तर.

विसरभोळेपणाच्या तुरळक तक्रारी येतात, त्याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकातही आहे, आणि गोळी थांबवल्यावर त्या जातात. काटेकोर चाचण्यांमध्ये मात्र स्टॅटिनमुळे स्मरणशक्ती घटते असं दिसलेलं नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्यावर अवलंबून राहत नाही.

गर्भारपणात आणि त्याची तयारी करताना स्टॅटिन साधारणपणे थांबवतात. ते परस्पर ठरवायचं नाही आणि उशिरा सांगायचंही नाही.

बाकीची मंडळी

इझेटिमाइब आतड्यात काम करतं. आतड्याच्या भिंतीवर कोलेस्टेरॉल शोषून घेणारं एक प्रथिन असतं, ते ही गोळी अडवते. आहारात कोलेस्टेरॉल जवळपास नसलं तरी ती उपयोगी पडते, कारण यकृत पित्तातून जे कोलेस्टेरॉल आतड्यात सोडतं त्याचा मोठा भाग एरवी परत शोषला जातो. ही परतीची वाट बंद झाली की यकृताला तुटवडा, आणि तुटवडा पडला की दारं. पुन्हा तीच युक्ती! एलडीएल १५ ते २० टक्के उतरतं, त्रास फारसा नसतो. स्टॅटिनचा डोस दुप्पट करून ६ टक्के मिळवण्यापेक्षा त्याच्या जोडीला ही गोळी देणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

कोलेस्टिरामिनची पूड याहून जुनी. ती आतड्यात पित्ताला धरून शौचावाटे बाहेर नेते, मग नवं पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं. पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं आणि ती शेजारच्या इतर औषधांनाही पकडते, त्यामुळे त्यांच्या वेळा लांब ठेवाव्या लागतात. आता ती क्वचितच दिसते.

आता ते पीसीएसके९. यकृत सोडतं ते हे प्रथिन दाराला चिकटलं की दार परत पृष्ठभागावर येत नाही, आतच नष्ट होतं. २००३मध्ये फ्रेंच संशोधकांना काही कुटुंबांत या प्रथिनाचा अतिउत्साही अवतार सापडला. त्या लोकांचं एलडीएल प्रचंड होतं. मग डॅलसमध्येच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः अपंग आहे त्यांचं काय? २००६मध्ये उत्तर आलं. अशा कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्के कमी. २८ टक्क्यांत ८८? इथे ती आधीची बेरीज आठवा. त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. साठाव्या वर्षी सुरू केलेली गोळी ही मागची वर्षं भरून काढू शकत नाही.

त्यातून इंजेक्शनं आली. इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब ही या प्रथिनाला रक्तातच पकडणारी प्रतिपिंडं, २०१५पासून वापरात आहेत. दोन किंवा चार आठवड्यांनी एकदा त्वचेखाली टोचायची. २०१७मध्ये स्टॅटिनवर असलेल्या साडेसत्तावीस हजार रुग्णांवरच्या एका चाचणीत ज्यांना इव्होलोक्युमॅब मिळालं त्यांचं एलडीएल साधारण ९२ वरून ३० वर आलं आणि अटॅकही घटले. त्रास म्हणाल तर टोचल्या जागी लाली किंवा दुखणं. इन्क्लिसिरान त्याहून पुढचं. ते यकृताच्या पेशीत पीसीएसके९ बनवण्याचा निरोपच फाडून टाकतं. पहिल्या दोन डोसांनंतर वर्षातून दोनच इंजेक्शनं लागतात. किंमत हा या सगळ्यांचा खरा दुष्परिणाम.

ज्यांना स्टॅटिन खरंच सोसत नाही त्यांच्यासाठी बेंपेडोइक अ‍ॅसिड आहे. ते स्टॅटिनच्याच साखळीतली थोडी आधीची पायरी अडवतं. यातली खुबी अशी की गिळलेली गोळी निष्क्रिय असते. तिला जागं करणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूंत नसतं. त्यामुळे स्नायू बचावतात. मात्र युरिक अ‍ॅसिड वाढतं, थोड्या लोकांना गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजून दुखणं) किंवा पित्ताशयात खडे होतात. गाऊट आधीच असेल तर सांगून ठेवावं.

फायब्रेट्स या औषधांचा मुख्य रोख ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीवर. ते फार वाढलं तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती टाळायला ही औषधं कामी येतात. त्यांतलं जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर घेऊ नये, स्नायूंचा धोका बराच वाढतो.

आणि ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढवणारी औषधं? तिथे विज्ञानाने चांगलाच मार खाल्ला. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल दणदणीत वाढवलं, पण त्या गटात मृत्यू जास्त झाल्यामुळे २००६च्या डिसेंबरमध्ये पंधरा हजार लोकांची चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली. नायसिनही (ब३ जीवनसत्त्व) स्टॅटिनच्या जोडीला देऊन मोठ्या चाचण्यांत निरुपयोगी ठरलं. रिपोर्टमध्ये एचडीएल जरा कमी दिसलं म्हणून कुणी ते वाढवायची गोळी विकत असेल, तर सावध राहा.

शेवटी ‘नैसर्गिक’ पर्यायाबद्दल, कारण हा प्रश्न येतोच. लाल यीस्ट तांदूळ या नावाने मिळणाऱ्या कॅप्सूल घेऊन अनेकांचं एलडीएल खरंच उतरतं. तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून तो बनतो आणि त्यात मोनॅकोलिन के नावाचं रसायन असतं. १९७९मध्ये ते वेगळं काढलं ते दुसऱ्या कुणी नव्हे, अकिरा एंडोंनीच. आणि ते निघालं हुबेहूब लोव्हास्टॅटिन. तेव्हा स्टॅटिन नको म्हणून ही कॅप्सूल घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो. स्नायू, यकृत, इतर औषधांशी भांडण, सगळं तेच. फक्त एका कॅप्सूलमध्ये ते किती मिलिग्रॅम आहे, हे बाटलीवर बहुधा लिहिलेलं नसतं.